कमरेला क्लिओरा मावशी

लॉरेल गॅप, केंटकी
४ एप्रिल

प्रिय जीनी,

हे पत्र बसून वाच. मी पिस्तूल घेतलंय.

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मागच्या खेपेला फोन आधी कुणी आपटला, यावरूनच पुढच्या फोनवर भांडण झालं. कागदावर निदान तुला, इमोजीनबाई, मला मधेच तोडता येत नाही.

तर ऐक. ख्रिसमसच्या आधी गोठ्यातला जनरेटर चोरीला गेला तेव्हा मी घाबरले होते, नाही म्हणत नाही. तू इथेच होतीस, मी रडत होते, आणि रडण्याच्या भरात तुला शब्द देऊन बसले की येत्या हिवाळ्याच्या आत घर विकते आणि डेटनला तुझ्याकडे राहायला येते. लग्नाच्या वर्षी ऑरव्हिलनं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, तो गेल्यावर मी एका जनरेटरपायी सोडायला निघाले होते. आता डोकं ठिकाणावर आलंय. पण दिलेला शब्द मोडायचा नाही हे आईनं आपल्याला घुगऱ्यांसारखं भरवलंय, म्हणून मोडत नाही, तुझ्याशी सौदा करते. फायर स्टेशनच्या मागच्या जुन्या खाणीत डेल्मर कॉम्ब्स पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा वर्ग घेतो. सप्टेंबरमध्ये परीक्षा. कागदी माणसावर गोळ्या झाडायच्या, निम्म्याहून जास्त लागल्या पाहिजेत. पहिल्या फटक्यात पास झाले तर मी या घरातून फक्त खांद्यावरून जाईन. नापास झाले तर दारात 'विकणे आहे'ची पाटी लावते आणि निमूट तुझ्याकडे येते.

खरेदीची गंमत सांगते. दुकानदारानं आधी गुलाबी पिस्तूल काढलं. मी म्हटलं, बाबा रे, मला चोराला घाबरवायचंय, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला जायचं नाहीये. तिथे चार रिकामटेकडे कॉफी पीत बसले होते, त्यांनी मला चार वेगवेगळी पिस्तुलं सुचवली आणि मग आपसात जुंपली. त्यांचं भांडण रंगलं तेवढ्यात मी माझं मी एक उचललं. काळं, चपटं, तळहातात मावेल एवढं. ऑरव्हिलची हरणाची रायफल मी डोळे मिटून चालवते, परसातल्या कोंबड्यांमागे लागलेले कोल्हे मला ओळखून आहेत. मला वाटलं, हे तर रायफलचं पिल्लू.

पिल्लू कसलं, खेचर आहे. पिस्तुलाचा वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते. पण तो ओढला तर पाहिजे. मी ओढला, दोन्ही हातांनी ओढला, गुडघ्यात धरून ओढला. ढिम्म. दाराच्या फटीत अडकवून बघणार होते, पण दाराची दया आली. गोळ्या अजून खोक्यातच आहेत, तेव्हा ओरडू नकोस.

सौदा मंजूर आहे का ते कळव.

तुझी,
विल्डा

डेटन, ओहायो
१२ एप्रिल

प्रिय विल्डा,

बसून वाचलं. मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसले.

सौदा मंजूर. मला काळजी वाटायचं काही कारणच नाही. जिला काकडीच्या लोणच्याची बरणी उघडायला ऑरव्हिल लागायचा, ती पिस्तूल चालवणार. तुझ्या खोलीला रंग देऊन झालाय. पिवळा. तुला निळा आवडतो हे माहीत आहे, पण पिवळा घरात उरला होता. खिडकीतून फार्मसी दिसते, कोपऱ्यावर दवाखाना आहे, बर्फ पडलं की म्युनिसिपालिटी येऊन ढकलते. त्या खोऱ्यात तू घसरून पडलीस तर आधी कावळ्यांना कळेल, मग तुझ्या शेजारच्या आर्बुटसला, आणि मग सगळ्यांत शेवटी मला. तू इथे आलीस की दोघींना बरं पडेल. म्हणजे तुला बरं पडेल.

दाराच्या फटीत पिस्तूल अडकवायचं नसतं, विल्डा, हे मला लिहून सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. स्लाइड ओढूच नकोस. पिस्तूल छातीजवळ घे, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे, बोट चापापासून लांब. डाव्या हातानं स्लाइड वरून मुठीत धर, आणि उजव्या हातानं पिस्तूलच पुढे ढकल. बाईच्या ओढण्यात जोर नसतो, ढकलण्यात असतो. आपण आयुष्यभर गाई ढकलल्या आहेत.

हे मी कुठेतरी वाचलंय. दातांच्या डॉक्टरकडे मासिकं पडलेली असतात.

तुझी,
इमोजीन

लॉरेल गॅप
२७ एप्रिल

प्रिय जीनी,

तुझ्या दातांच्या डॉक्टरचं भलं होवो. ढकललं, आणि स्लाइड लोण्यासारखी गेली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. नंतर दिवसभर तेच करत बसले, खटाक, खटाक. शेवटी कुत्रं उठून बाहेर गेलं.

पिस्तुलाचं मी बारसं केलंय. क्लिओरा मावशी. का ते विचारू नकोस, तूच आठव. एवढीशी बाई, काळा झगा, नाताळच्या जेवणाला कोपऱ्यात गप्प बसलेली, आणि तोंड उघडलं की सगळ्यांचे कान बधिर. शिवाय मावशीचं नाव घेतलं की मी आपोआप सरळ बसते आणि हात जागच्या जागी ठेवते. डेल्मर म्हणाला, पिस्तुलाशी असंच वागायचं असतं.

मावशीच्या मुठीवर मी कागदी चिकटपट्टी लावून वर माझं नाव लिहिलंय. चर्चच्या जेवणाला नेलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावतो तसंच. डेल्मर हसला. मी म्हटलं, हस, पण मागच्या ईस्टरला माझं बीन्सचं भांडं तुझ्याच बायकोकडून परत आलं, ते या पट्टीमुळे.

आता तू ओरडशील अशी गोष्ट. मावशीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडला. उशीखाली टोचते, कपाटात चोर आधी बघतो. मी तिला पिठाच्या डब्यात पुरलं. चोर सगळं करेल, पण पीठ चाळणार नाही. मग शनिवारी ओढ्याकाठी गेले, मातीच्या बांधापुढे रिकामा डबा ठेवला, कानात कापूस घातला, आणि चाप ओढला. जीनी, एवढा मोठा पांढरा ढग उठला की मला वाटलं मी वर पोचले. हाताला असा हिसका बसला की दंडातली चरबी अजून हलते आहे. डबा जागच्या जागी. दुसऱ्यांदा चाप ओढला तर मावशी मुकी. आत तेल आणि पीठ एक होऊन खळ झाली होती.

ऑरव्हिलच्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं मावशीचं तोंड धुतेय. चालेल ना? तुझ्या दातांच्या डॉक्टरला विचार.

तुझी,
विल्डा

डेटन
६ मे

विल्डा,

पिठात. पिस्तूल. पिठात.

ब्रश चालेल, पण आधी गोळ्यांची मॅगझिन काढ, मग स्लाइड मागे घेऊन नळीत गोळी राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघ आणि बोट घालूनही बघ. मग स्लाइड सोडव, स्प्रिंग काढ, कोपऱ्यात साचलेली खळ काडीनं खरवड. तेल थेंबभर. तू बिस्किटांना लोणी लावतेस तसं नाही. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते, बऱ्याच गोळ्या झाडल्याशिवाय ती नरम येत नाही, तेव्हा रोज थोडं थोडं चालव आणि लगेच निराश होऊ नकोस. हिसका बसतो कारण पिस्तूल छोटं आहे. जितकं अंग कमी तितका राग जास्त, हे क्लिओरा मावशीवरून तुला कळायला हवं होतं. करंगळी मुठीवर राहत नसेल तर मॅगझिनला लावायचा एक टेकू मिळतो, तो घे. आणि पिस्तूल पर्समध्ये मोकळं टाकायचं नाही, चाप झाकणारं म्यान हवं.

तू विचारायच्या आधीच सांगते. शेजारी मिस्टर पेटीबोन म्हणून आहेत, त्यांना यातलं कळतं. ते बोलतात ते मी ऐकून घेते. मला स्वतःला या खुळात काडीचा रस नाही, आणि तू नापास होणार आहेस.

पिवळा रंग वाळला की छान दिसतो.

इमोजीन

लॉरेल गॅप
१७ जून

प्रिय जीनी,

अच्छा, मिस्टर पेटीबोन. पाच पत्रं झाली असती तरी तू सांगितलं नसतंस, पिठानं तुझ्याकडून वदवून घेतलं. विधुर आहेत का? दात स्वतःचे आहेत का? सोबत सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पाठवते आहे, ती त्यांची आहे, तुझी नाही. टेकू लावला, करंगळी बसली, आणि ओढ्याकाठचा डबा आता मला बघून आपणहून पडतो.

पण रविवारी जे झालं ते ऐक, आणि चर्चमधल्या कुणाकडून उलटसुलट कानावर येण्याआधी माझ्याकडून ऐक.

तू म्यान म्हणालीस म्हणून मी पोटाला बांधायचा रबरी पट्टा मागवला, त्याला म्यान शिवलेलं असतं. डेल्मर म्हणाला, परवान्याआधी अंगाला सवय कर, गोळ्या न भरता घाल. म्हणून रविवारी निळ्या झग्याखाली मावशीला बांधून चर्चला गेले. आमच्या चर्चला यात काही वावगं वाटत नाही, निम्मा गायकवृंद हत्यारबंद आहे. गोळ्या पर्समध्ये पेपरमिंटच्या डबीत. प्रवचनात चुकून त्यातलीच एक तोंडात टाकणार होते.

शेवटच्या गाण्याला उभी राहिले आणि पट्ट्यानं दम सोडला. मावशी निघाली. कमरेवरून मांडीवर, मांडीवरून खाली, आणि गुडघ्यापाशी मोज्यात अडकली. मी झग्यावरून तिला हातानं दाबून धरलं. बायकांच्या बाथरूमचं दार पियानोच्या शेजारी, म्हणजे अगदी पुढे. मी वाकून, गुडघा धरून, लंगडत मधल्या वाटेनं पुढे निघाले. आता तूच सांग, पश्चात्ताप झालेल्यांनी पुढे यावं म्हणून आमचा पाद्री ब्रदर होबार्ट हात पसरून उभा आहे, गाणं चालू आहे, आणि सत्तरीची बाई कळवळत पुढे येतेय. लोक काय समजणार? मागून कुणीतरी रडायलाच लागलं. आर्बुटस मोठ्यानं देवाचे आभार मानायला लागली. मला वाटलं हिला आधीपासून माझ्या पापांची यादी पाठ असणार.

ब्रदर होबार्टनं माझे दोन्ही हात धरायला आपले हात पुढे केले. एक हात देऊन चालत नव्हतं, दुसरा सोडून चालत नव्हतं. त्यानं विचारलं, सिस्टर विल्डा, मनावर काय ओझं आहे. मी त्याच्या कानात सांगितलं, "ब्रदर होबार्ट, माझं पिस्तूल गुडघ्याशी आलंय."

त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तो म्हणाला, "मग गुडघे टेकू नकोस." आणि वळून सगळ्यांना सांगितलं की सिस्टर विल्डा उभ्यानंच प्रार्थना करेल.

साठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेली मी, आता मला ओढ्यात पुन्हा बुडवायचं म्हणताहेत. सोमवारपासून घरी जेवणाची भांडी येताहेत, जणू कुणी गेलंय. मी निमूट खातेय. आर्बुटसला मात्र खरं सांगावं लागलं, कारण ती माझ्याबरोबर रडायला बसली होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, मलाही शिकायचंय. तेव्हा परीक्षेला आता आम्ही दोघी.

पेटीबोनना माझा नमस्कार.

तुझी,
विल्डा

डेटन
२९ जून

प्रिय विल्डा,

एवढी हसले की बरगडीत उसण भरली. हसायला शेजारी कुणी असतं तर आणखी हसले असते.

मिस्टर पेटीबोनना मुरंबा आवडला. ते म्हणतात, पट्टा एक माप लहान घ्यायचा, बाई स्वतःला समजते त्यापेक्षाही एक लहान. आणि प्रत्येक वेळी घालून आरशासमोर वाकून, बसून, जिना चढून बघायचं, मगच बाहेर पडायचं.

तू सप्टेंबरपर्यंत कशाला थांबतेस? आत्ताच आलीस तरी चालेल. खोली तयारच आहे. परीक्षा वगैरे सोड, उगाच या वयात धावपळ.

तुझी,
इमोजीन

लॉरेल गॅप
११ ऑगस्ट

प्रिय जीनी,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन केला तर तू "नंतर" म्हणालीस आणि हळूच ठेवलास. आपटला नाहीस. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. बरी आहेस ना? पेटीबोनशी काही बिनसलं का? तसं असेल तर मुरंब्याची बरणी परत माग, मी पुरुषांच्या बाबतीत भांडं सोडत नाही.

विल्डा

डेटन
२० ऑगस्ट

प्रिय विल्डा,

बरी आहे. उन्हाळा फार होता. एसी बिघडला होता, तो दुरुस्त झाला. मागच्या दाराला आणखी एक कुलूप लावून घेतलंय. बाकी काही नाही. पेटुनियाची फुलं मात्र सगळी चिरडली गेली.

तू परीक्षेत नापास हो, असं मी रोज देवाकडे मागते. राग मानू नकोस.

इमोजीन

लॉरेल गॅप
१६ सप्टेंबर

प्रिय जीनी,

देवानं तुझं ऐकलं. मी नापास झाले.

कसं झालं ते सांगते, म्हणजे निदान हसशील. खाणीत आम्ही ओळीनं उभे होतो. माझ्या उजवीकडे आर्बुटस, डावीकडे हॅस्केल, तो निवृत्त फॉरेस्टवाला, ज्यानं आयुष्यात कधी रस्ता विचारला नाही. समोर प्रत्येकाचा आपापला कागदी माणूस. डेल्मर मागे उभा. पहिली गोळी सुटली आणि आर्बुटस घाबरून एक पाऊल माझ्याकडे सरकली. मी काय केलं असेन? चर्चच्या बाकावर उशिरा आलेल्याला जागा करून देतो तशी सरकले. दुसरी गोळी, ती सरकली, मी सरकले. आईनं लावलेली सवय, कुणी अंगाला टेकलं की आपण जागा करायची. नजर नळीच्या टोकावरच्या नेमाच्या दाण्यावर, डेल्मरनं शिकवली तशी, इकडेतिकडे बघितलंच नाही. हॅस्केल मात्र सरकला नाही, जागच्या जागी अंग चोरून उभा राहिला.

थांबल्यावर बघतो तर माझा माणूस कोरा करकरीत. आर्बुटसनं डोळे मिटून आभाळावर झाडलं होतं, तिचाही कोरा. आणि हॅस्केलच्या कागदाला त्याच्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं. एकदम छातीच्या मधोमध, एवढी जवळजवळ की मूठ ठेवली तर झाकतील. डेल्मरनं माझ्याकडे बघितलं, त्याला कळलं. हॅस्केललाही कळलं असणार. पण तो म्हणाला, आज हात चांगला बसला. जास्तीची भोकं कुठून आली म्हणून विचारलं तर म्हणाला, कागद जुना असेल.

डेल्मर काय करणार, नियम म्हणजे नियम, ज्याच्या त्याच्या कागदावरची भोकं. पुढच्या महिन्यात परत ये म्हणाला. पण मी तुला 'पहिल्या फटक्यात' म्हटलं होतं, आणि शब्द मी दिलाय, डेल्मरनं नाही.

घरी आल्यावर पायरीवर बसून खूप रडले. हे घर सोडायचं माझ्या मनात नाही, जीनी. इथे माझ्या हाताला अंधारात प्रत्येक खुंटी सापडते. पण येईन. पाटी रंगवायला घेते. खोलीचा पिवळा रंग मी चालवून घेईन, फक्त पडदे माझे लावू दे.

विल्डा

डेटन
२२ सप्टेंबर

विल्डा,

पाटी रंगवू नकोस. रंगवली असशील तर उलटी करून कोंबड्यांच्या दाराला ठोक.

मी हे पत्र लिहिलं नसतं तर तू महिन्याभरात इथे आली असतीस. चार दिवस तोच विचार केला. तुझं पत्र उशाशी ठेवून झोपले, आणि मला आनंद होत होता, तो आनंद मला बघवेना.

पेटीबोन नावाचा माणूस नाही. तो शेजारच्यांचा बोका आहे. मुरंबा मी खाल्ला.

तीन वर्षांपूर्वी मी प्रार्थनेच्या सभेला गेले असताना कुणीतरी माझं घर फोडलं. तुला सांगितलं नाही, कारण शहरात सुख आहे म्हणून टेंभा मिरवत डोंगर सोडून मीच आले होते. दुसऱ्याच आठवड्यात पिस्तूल घेतलं. तुझ्यासारखंच, काळं, चपटं. वर्ग केला, परवाना काढला. पहिल्या परीक्षेत मीही नापास झाले होते. स्लाइड मला कुणी शिकवली नाही, रडून रडून माझी मी शिकले, आणि तू तेच लिहिलंस तेव्हा तुला तसं सोडवेना, मग तू जिंकलीस तर माझं नुकसान का होईना.

ऑगस्टमध्ये काय झालं ते आता सांगते. एसीवाल्याला मी दुपारी बोलावलं होतं आणि मीच विसरले. तो मागच्या फाटकातून आला. मला खिडकीतून फक्त टोपी दिसली. मी दार उघडलं ते पिस्तूल रोखूनच. तो बिचारा हात वर करून पेटुनियात बसला आणि म्हणाला, "बाई, मी फक्त पंखा बघायला आलोय." मी त्याला मारलं असतं, विल्डा. बोट चापावर गेलं होतं. मग त्यानं एसी दुरुस्त केला, मी लिंबाचं सरबत केलं, आणि दोघांनी ते सांडलं. तेव्हापासून पिस्तूल कपाटात कुलपात आहे आणि किल्ली बोक्याच्या घरच्यांकडे. मला चोराची भीती वाटते, आणि आता माझीही वाटते. दिवसभर घरात आवाज होत नाही, आणि एखादा झाला की मी भिंतीला टेकून उभी राहते.

तू तिथे सुरक्षित नाहीस असं मी म्हणत राहिले. तुझी काळजी होती, खोटं नाही. पण पिवळ्या खोलीत कुणीतरी खोकायला हवं होतं मला.

तू नापास झालेली नाहीस. सगळ्या गोळ्या छातीत मारल्यास, फक्त बाकावर जागा करून दिलीस. आर्बुटसनं तुला एक हात सरकवलं, मी तर तुला दुसऱ्या राज्यात सरकवायला निघाले होते. पुढच्या महिन्यात परत जा. पाय रोवून उभी राहा, आणि कुणी येऊन टेकलं, सोनं घेऊन टेकलं, तरी तसूभर हलू नकोस. तो 'पहिला फटका' मी सौद्यातून काढून टाकलाय. सौदा माझाही आहे.

इमोजीन

लॉरेल गॅप
१३ ऑक्टोबर

जीनी,

पास झाले. आर्बुटस माझ्या बुटावर चढून उभी राहिली, मी हलले नाही. सगळी भोकं माझ्या माणसाला, एक कानाला, ते मी क्लिओरा मावशीच्या नावावर घातलं. आर्बुटस नापास झाली आणि खूश आहे, म्हणते तिला नुसता गोंगाट हवा होता.

आता नीट वाच. तुझं पत्र वाचून मी आधी तुला शिव्या घातल्या. तीन वर्षं. एवढी वर्षं भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि मला बोक्याच्या नावानं पत्रं लिहिलीस. मी दोन तास कोंबड्यांना ऐकवत होते, तुला काय काय ऐकवेन ते. मग चहा टाकला आणि ऑरव्हिलच्या शिवणाच्या खोलीत गेले. शिवण त्याचं, माझं नाही, तुला माहीत आहे. मशीन मी डेल्मरच्या बायकोला देऊन टाकलं. पलंग आर्बुटसच्या गाडीत घालून आणला. खोलीला रंग निळा आहे, तो मी बदलणार नाही. भिंत पातळ आहे, मी रात्रभर खोकते, तू ऐकत पड. इथे मागच्या दारानं कुणी न सांगता आलं तर तो ब्रदर होबार्ट असतो आणि त्याच्या हातात भोपळ्याची गोड पाई असते. गुरुवारी डेल्मर ट्रक घेऊन निघतोय. मीही त्याच्याबरोबर येतेय, दार उघड, आणि उघडताना हात रिकामे ठेव.

हिवाळ्याच्या आत एक घर विकायचं, हा शब्द मी तुला ख्रिसमसच्या आधी दिला होता आणि तो मी मोडणार नाही. घर विकायचंच आहे. माझं नाही, तुझं.

विल्डा